चाळिशीनंतर बॅडमिंटनच्या संघात शिरताना

पहिल्या निवड चाचणीत मी चार डाव खेळले, त्यातले तीन जिंकले आणि तरी संघात आले नाही. माझ्याऐवजी ज्या काकूंना घेतलं त्या ५६ वर्षांच्या. गुडघ्याला नी-कॅप, आणि कोर्टवर दोन पावलांपलीकडे जायच्या नाहीत. दोन दिवस धुसफुसले, तिसऱ्या दिवशी कप्तानाला गाठून विचारलंच. तो म्हणाला, "ताई, तुम्ही मारता जोरात. पण तुमच्याबरोबर उभं कोणाला करू?"

तेव्हा राग आला होता. आता पुण्यातल्या आमच्या लीगची चाचणी द्यायला कोणी नवीन आलं की मी हाच प्रश्न त्यांना आधी विचारून ठेवते.

आमच्याकडे लढतीतले सगळे सामने दुहेरीचे असतात. एकेरीला गुडघे पुरत नाहीत आणि प्रेक्षकांना बघवतही नाही. त्यामुळे कप्तान खेळाडू शोधत नसतो, जोड्या शोधत असतो. चाचणीत दर डावाला जोडीदार बदलतात ते मुद्दाम. स्मॅश मारून तुम्ही पुढे धावलात तर मागची जागा कोण सांभाळतंय, मधोमध आलेल्या शटलला "माझं!" असं वेळेवर ओरडता का, जोडीदाराने सोपं शटल नेटमध्ये घातलं की तुमचा चेहरा कसा होतो, हे सगळं बाकावरून दिसतं. माझा चेहरा कसा होत होता ते मला नंतर एका मोबाइलवरच्या चित्रीकरणात दिसलं. न बोललेलं बरं.

काकूंचं गुपित होतं सर्व्हिस. बॅकहँडने, शटलचं पीस चिमटीत धरून, श्वास सोडत त्या ते नुसतं ढकलायच्या. शटल नेटच्या पट्टीला जेमतेम चुकवून पुढच्या रेषेवर पडायचं. ही रेषा नेटपासून १.९८ मीटरवर असते. समोरच्याला उचलण्याशिवाय पर्याय नाही, आणि उचललं की मागचा जोडीदार तयारच. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत सर्व्हिसची उंची १.१५ मीटरपर्यंत ठरवून दिली आहे. आमच्या लीगमध्ये मोजायला काही नसतं, पंचांचा डोळा हेच यंत्र. म्हणून मी कंबरेच्याही खालूनच करते, वादच नको. दोन महिने रोज खेळाआधी वीस मिनिटं मी फक्त सर्व्हिस केली. सोसायटीतल्या मंडळींना वाटलं, हिला कोणी जोडीदार मिळत नाही.

सोसायटीत खेळून येणाऱ्यांची अजून एक अडचण म्हणजे नायलॉनची सवय. स्पर्धेत पिसांचं शटल. ते रॅकेटवरून सुसाट सुटतं आणि शेवटी एकदम मंदावून खाली येतं, त्यामुळे नायलॉनवर बसलेला टॉसचा, म्हणजे उंच मागे मारायच्या फटक्याचा, अंदाज पार चुकतो. महाग पडतं, मान्य आहे, पण चाचणीआधी किमान महिनाभर त्यावर खेळाच.

वयाचा हिशेब नीट समजून घ्या. वरच्या वयाच्या माणसाला खालच्या वयोगटात खेळता येतं, उलट नाही. दुहेरीत दोघांचंही वय बसावं लागतं, म्हणजे गट ठरतो तो धाकट्यावरून. वय कोणत्या तारखेला धरायचं हे मात्र प्रत्येक स्पर्धेच्या माहितीपत्रकात पाहा. आमच्या एका चांगल्या जोडीची एंट्री अकरा दिवसांनी हुकली होती.

लीगच्या पुढे जायचं असेल तर रस्ता जिल्हा, राज्य आणि मग राष्ट्रीय मास्टर्स, म्हणजे मोठ्या वयाच्या खेळाडूंची स्पर्धा, असा आहे. नोंदणी आणि ओळख क्रमांक आधीच करून ठेवा, शेवटच्या आठवड्यात धावपळ होते. त्याच्याही पुढे जागतिक वरिष्ठ स्पर्धा. तिथे ३५ वर्षांवरील गटापासून सुरुवात होते आणि दर पाच वर्षांनी पुढचा गट. २०१७ मध्ये ती आपल्याकडे कोचीला झाली होती. या वयात प्रवास, मुक्काम, रजा सगळं बहुतेक वेळा आपल्याच खिशातून, हे घरी आधी बोलून घ्या.

बायकांना एक वेगळं सांगते. आमच्या गटात बायका कमी, मिश्र दुहेरीसाठी एक तरी हवीच, म्हणून निवड तुलनेने सोपी होते. मग कोर्टवर गेल्यावर जोडीदार म्हणतो, "तुम्ही फक्त नेटवर उभ्या राहा." उभ्या राहू नका. पहिल्याच सरावात सांगा, मागचंही मी घेणार.

आणि राखीव म्हणून बसवलं तर गप्पा मारत बसू नका. दीड तास थंड बसून अचानक कोर्टवर उतरले आणि तिसऱ्याच गुणाला पोटरीत गोळा आला, सहा आठवडे घरी. आता आमचा सामना लागेपर्यंत मी बाकामागे दोरीच्या उड्या मारत असते.

यंदा काकूंनीच मला जोडीला मागितलं. मी ४६ची, त्या ५८च्या, म्हणजे माझ्यामुळे त्यांना ४५ वरील गटात खेळावं लागतंय. ५५ वरील गटात त्यांना आरामात पदक होतं. त्यांना तसं म्हटलं तर म्हणाल्या, "तिथे सगळ्या माझ्यासारख्याच उभ्या असतात गं, मागे पळणार कोण?"