थंडीत घर विकायला काढताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात दिवाळीनंतर घर विकायला काढणाऱ्यांचा अनुभव बहुधा सारखाच असतो. तुळशीचे लग्न होईपर्यंत फोन येत राहतात, मार्गशीर्षात दोन-चार मंडळी घर पाहून जातात आणि डिसेंबरच्या मध्यावर एकाएकी सगळे थंडावते. मग ‘यंदा गिऱ्हाईकच नाही’ असे मनाशी धरून मालक किंमत खाली आणतो. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. १६ डिसेंबरच्या सुमारास लागणारा धनुर्मास संक्रांतीला संपतो, आणि त्या महिन्याभरात इसार द्यायला आपल्याकडची बरीच कुटुंबे तयार नसतात. त्यांनी घर नाकारलेले नसते. ती मुहूर्तासाठी थांबलेली असतात. शिवाय निपाणी-चिकोडीकडच्या ऊसकरी गिऱ्हाइकाच्या हाती पैसा येतो तो कारखान्याचे बिल खात्यावर जमा झाल्यावर. डिसेंबरअखेरीस दोन लाख कमी करणाऱ्या मालकाकडे जानेवारीच्या शेवटी तेच गिऱ्हाईक परत येते आणि उतरलेल्या किमतीपासून पुढे घासाघीस सुरू करते.

दुसरी चूक रंगाची, आणि ती आमच्या घरी झालेली असल्यामुळे जरा विस्ताराने सांगतो. शहापुरातले आमचे जुने घर जांभ्या चिऱ्याचे आणि मंगळुरी कौलांचे. पावसाळा संपताच, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, आम्ही घाईने ते रंगवून घेतले. चार महिने पाऊस प्यायलेला चिरा आतून ओलाच होता. डिसेंबरात कोरडी थंड हवा सुटली तशी ती ओल बाहेर पडू लागली आणि सोप्यातल्या भिंतीला जमिनीपासून दोन फुटांपर्यंत फुगे आले. घर पाहायला आलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी अशाच एका फुग्यावर अंगठा दाबला. रंगाचा पापुद्रा निघाला आणि मागून क्षाराची पांढरी भुकटी फरशीवर सांडली. त्यांनी एवढेच विचारले, ‘पावसाळ्यात पाणी कुठवर चढते?’ पाणी कधीच चढत नव्हते, पण त्या भुकटीपुढे आमच्या सांगण्याला काय किंमत राहणार?

म्हणून रंग लावण्यापूर्वी भिंतीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. भिंतीच्या बाजूने त्यावर बाष्प दिसले तर थांबावे. फुगे आधीच आलेले असतील तर त्यांवर दुसरा हात मारू नये. सैल रंग खरवडून, क्षार कोरड्या ब्रशने झाडून, भिंत काही आठवडे उघडी वाळू द्यावी आणि ओल कौलातून, पन्हळीतून की पायातून येते आहे ते शोधून आधी ते दुरुस्त करावे. घर बंद असेल तर दुपारी खिडक्या उघडणे विसरू नये, कारण कुबट वास दार उघडताक्षणीच कळतो. कुंपणाच्या चिऱ्यावरचे वाळलेले काळे शेवाळही तारेच्या ब्रशने काढून टाकावे.

घर दाखवण्याची वेळही जपावी लागते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे कामावरून सुटून आलेल्या गिऱ्हाइकाला ट्यूबलाइटच्या उजेडात घर पाहावे लागते. शक्यतो रविवारी सकाळी दहानंतर बोलवावे, कारण या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत बरेच आतपर्यंत येते. हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असेल तेव्हा महामार्गाच्या बाजूने येणाऱ्यांना अर्धा-पाऊण तास जादा धरून वेळ द्यावी.

कागदपत्रे गिऱ्हाईक ठरल्यावर काढू, असे म्हणणाऱ्यांचे हातचे व्यवहार गेलेले मी पाहिले आहेत. धनुर्मासाचा रिकामा महिना खरे तर याच कामाचा आहे. कर्नाटकात आता ई-खात्याशिवाय, म्हणजे मिळकतीच्या मालकीच्या आणि कराच्या संगणकीय उताऱ्याशिवाय, खरेदीपत्राची नोंदणी होत नाही; ग्रामपंचायत हद्दीतल्या घराला ई-स्वत्तू या पंचायतीच्या संगणकीय नोंदवहीतला नमुना ९ आणि ११ लागतो. शहरातल्या घराचा सिटी सर्व्हेचा उतारा आणि बोजाचा दाखला, म्हणजे ज्याला सगळे ‘ईसी’ म्हणतात तो, हाताशी ठेवावा. आपल्या मराठी माणसांची नेहमीची अडचण नावाची असते. उताऱ्यावर कन्नडमध्ये ‘कृष्णा’ आणि आधारवर ‘कृष्णाजी’, किंवा एका कागदावर आडनाव आणि दुसऱ्यावर फक्त वडिलांचे नाव, एवढ्या फरकावरून खरेदीदाराची बँक कर्ज अडवून धरते. कन्नड वाचता येणाऱ्या माणसाला शेजारी बसवून प्रत्येक कागद अक्षर न अक्षर जुळवून पाहावा आणि दुरुस्तीचा अर्ज लगेच द्यावा.

वडिलोपार्जित घर असेल तर वारसा नोंद अपुरी ठेवून जाहिरात करू नये. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचाही मुलांइतकाच हक्क आहे, तेव्हा पुण्या-मुंबईला दिलेल्या बहिणींना केवळ सहीपुरते बोलावणे योग्य नाही. भाऊबीजेला सगळी भावंडे जमतात, तेव्हाच किंमत आणि वाटणी मोकळेपणी ठरवावी. ज्यांना नोंदणीच्या दिवशी येणे जमणार नाही, त्यांचे मुखत्यारपत्र वकिलाकडून रीतसर करून घ्यावे.

पाण्याबद्दल खोटे बोलू नये. डिसेंबरात परसातली विहीर भरलेली दिसते, पण विचारणारा एप्रिल-मेचे विचारत असतो. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसत असेल तर ते आधीच सांगावे आणि नळाला किती दिवसांनी पाणी येते तेही सांगावे. इसारानंतर शेजाऱ्याकडून कळले तर व्यवहार मोडतो.

इसार रोखीने घेण्याची सवय मात्र सोडायलाच हवी. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेतल्यास तितकाच दंड होऊ शकतो. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापून घेतो, तो हिशेबात धरावा. खरेदीपत्र जानेवारी-फेब्रुवारीत झाले तर भांडवली नफ्यावरचा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरायचा असतो, त्यामुळे नोंदणी झाली की त्याच आठवड्यात खरेदीचे जुने कागद आणि दुरुस्तीची बिले घेऊन कर सल्लागाराकडे जावे.