दुकानाच्या काचेत कागदी चक्रांची सजावट

आधी वस्तू ठरवा, मग सजावट. एका काचेत एकच विषय आणि फार तर तीन रंग; त्यापुढे विक्रीची वस्तूच दिसेनाशी होते.

20 सेंटीमीटर व्यासाच्या एका चक्राला 120 जीएसएमचे (दर चौरस मीटरला 120 ग्रॅम वजनाचे) दोन ए-फोर कागद लागतात. प्रत्येकाच्या 10 सेंटीमीटर रुंदीच्या दोन लांब पट्ट्या कापा. चारही पट्ट्यांना 1.5 सेंटीमीटरच्या चुण्या घाला, पंख्यासारख्या, आणि प्रत्येक घडी फूटपट्टीच्या कडेने दाबून घ्या. शेवटची चुणी पुढच्या पट्टीच्या पहिल्या चुणीवर चिकटवत सलग वलय करा. पट्टी तीनच वापरली तर चुण्या ताणून सपाट होतात आणि चक्राचा उठाव जातो.

वलय उभं ठेवून वरची कड मध्याकडे ढकलत खाली बसवा. ते उसळून परत उभं राहतं, म्हणून मागे 5 सेंटीमीटरची पुठ्ठ्याची चकती पांढऱ्या गोंदाने चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवा. ग्लू गनने काम झटपट होतं खरं, पण उन्हाच्या काचेमागे तो गोंद मऊ पडतो आणि चक्रं सुटतात.

टांगायला तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, घ्या. एकाच दोऱ्यावर चक्र गिरकी घेऊन पाठ दाखवतं. दोन भोकं पाडून दोन दोरे बांधा. मुख्य वस्तू जमिनीपासून साधारण 150 सेंटीमीटरवर, चक्रं तिच्या मागे. हॅलोजनचा दिवा कागदाजवळ नको, एलईडीच लावा. थेट ऊन येत असेल तर रंग उडतोच. फिकी पडलेली चक्रं लगेच काढा.