आयरिश पूर्वजांचा शोध: आधी टाउनलँड, मग माणूस

माझ्या सासूबाईंचं आजोळ आयर्लंडमधल्या मेयो काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग). आडनाव तिथे घरोघरी असणारं, त्यामुळे नुसत्या नावावरून शोधायला बसलं की एकाच नावाचे ढीगभर लोक समोर येतात. त्यांतला आपला कोणता, हे ठरवायला नकाशाच कामी येतो. म्हणून कुणी मदत मागितली की मी आधी विचारते, टाउनलँड कोणतं?

टाउनलँड म्हणजे आयर्लंडमधल्या जमिनीच्या नोंदीतलं सर्वांत लहान एकक. देशभरात अशी ६०,००० हून जास्त आहेत आणि एकच नाव कित्येक काउंट्यांत सापडतं. आपल्या माणसाचं टाउनलँड कळण्याचे हमखास मार्ग दोन: १८६४ पासूनच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, आणि १९०१ व १९११ ची जनगणना. ही जनगणना ऑनलाइन मोफत बघता येते. त्यातला घर क्रमांक मात्र मोजणीदाराने दिलेला असतो, नकाशावरच्या क्रमांकाशी त्याचा संबंध नाही. नावाचं स्पेलिंग जुळत नसेल तर 'लॉगअनिम' या स्थलनामांच्या कोशात बघा. टाउनलँड कुठल्या सिव्हिल पॅरिशमध्ये, म्हणजे अनेक टाउनलँडं मिळून झालेल्या सरकारी विभागात येतं तेही तिथे कळतं. चर्चचं कॅथलिक पॅरिश वेगळं, त्याच्या सीमा वेगळ्या. हे दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत लिहून ठेवा.

आता 'ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन' उघडा, म्हणजे करासाठी केलेलं जमिनी-घरांचं मूल्यांकन; कुणाकडे कोणती जमीन आणि घर होतं त्याची ती यादी. रिचर्ड ग्रिफिथच्या देखरेखीखाली झालेली ही पाहणी १८४७ ते १८६४ मध्ये छापली गेली. 'आस्क अबाउट आयर्लंड' या साइटवर ती नकाशांसह मोफत आहे. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या आगीत गेले, पुढच्या चार जनगणनांचे सरकारनेच नष्ट केले. म्हणून या पाहणीला एवढं मोल.

यादीतला पहिला रकाना सावकाश वाचा. आकडा जमिनीच्या तुकड्याचा. त्याला जोडलेलं कॅपिटल अक्षर दिसलं तर त्या माणसाची जमीन एका जागी नाही, तुकड्यातुकड्यांत आहे. स्मॉल अक्षर घराचं. एकाच आकड्याखाली दोन-तीन घरं आणि एकच आडनाव दिसलं, तर मी तिथे थांबतेच. बऱ्याचदा ते भाऊभाऊ निघतात, पण चर्चमधल्या पॅरिशच्या बाप्तिस्मा-लग्नांच्या नोंदींतून खात्री केल्याशिवाय नातं जोडू नका. जमीन कुणाकडून कसायला घेतली होती त्याचंही नाव तिथे असतं. त्या जमीनदाराच्या इस्टेटीचे कागद टिकले असतील तर पुढचा धागा तिथेच मिळेल.

त्या साइटवरचा नकाशा पुष्कळदा छापील यादीनंतरच्या दुरुस्तीचा असतो, त्यामुळे आकडे जुळत नाहीत. अशा वेळी क्षेत्रफळ आणि शेजाऱ्यांची नावं धरून चाला. क्षेत्रफळ एकर, रूड, पर्चमध्ये असतं: ४० पर्चचा १ रूड, ४ रूडचा १ एकर.

मग ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-खात्याचे जुने नकाशे एकावर एक ठेवून बघा. मैलाला ६ इंच मापाच्या पहिल्या आवृत्तीची पाहणी १८४२ पर्यंत झाली, म्हणजे १८४५ च्या दुष्काळाआधी. मैलाला २५ इंचांचा नकाशा त्यानंतर अर्ध्या शतकाने आला. पहिल्यात घरांचा दाट पुंजका आणि दुसऱ्यात तिथेच मोकळी शेतं, असं मेयोत वारंवार दिसतं. अकिल बेटावरचं स्लीव्हमोर उघडून बघा, म्हणजे मला काय म्हणायचंय ते लगेच कळेल: डोंगराच्या उतारावर घरांची लांबच लांब रांग, आणि आज तिथे छप्पर नसलेल्या दगडी भिंती. पण घर नाहीसं झालं म्हणून कुटुंब परदेशी गेलं असं धरू नका. शेजारची टाउनलँडं तपासा. स्लीव्हमोरच्या लोकांनीही खाली समुद्राजवळच्या डूआघमध्ये घरं केली.

उत्तर आयर्लंडच्या सहा काउंट्यांसाठी बेलफास्टच्या 'प्रोनी' या अभिलेखागाराचा नकाशा-दर्शक वापरा. मूल्यांकनानंतरच्या दुरुस्तीच्या वह्याही तिथे ऑनलाइन आहेत. जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर कधी गेली ते त्यांत कळतं, आणि मृत्यूचं किंवा स्थलांतराचं साल साधारण हाती येतं.

प्रत्यक्ष जागा बघायला जाणार असाल तर जुना आणि आजचा, दोन्ही नकाशे एकाच मापात छापून घ्या. आणि शेतात पाय टाकण्याआधी मालकाची परवानगी घ्या. जुन्या घराची माहिती पुष्कळदा त्यांच्याकडेच असते.