मोनो एलपीची खरखर

गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात पितळी भांड्यांच्या ढिगाखाली जाझची एक मोनो, म्हणजे एकाच चॅनेलच्या आवाजाची, एलपी रेकॉर्ड सापडली. कोलकात्याच्या डमडम कारखान्यातली, कव्हरला कसर लागलेली. डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचा एक थेंब टाकून धुतली, लेबल कोरडं ठेवून. आई म्हणाली, "ताट कधी इतक्या प्रेमाने विसळलं नाहीस!"

लॅपटॉपवर ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली, तर सॅक्सोफोनच्या मागे सतत घुमघुम. 50 हर्ट्झ, म्हणजे आपल्याच घरातली वीज. टर्नटेबलची बारीक ग्राउंड वायर फोनो प्रीअँपला (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या डब्याला) लावायचीच राहिली होती. ती लावल्यावर बरंच कमी झालं. उरलेलं लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गेलं.

खरखर मात्र हटेना. सॉफ्टवेअरच्या नॉइज रिडक्शनने (खरखर गाळणाऱ्या सोयीने) झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या झाल्या, म्हणून ते पुसलं. मग डोक्यात प्रकाश पडला: मोनो रेकॉर्डमध्ये संगीत खाचेच्या आडव्या हालचालीत असतं. स्टीरिओ सुई उभी हालचालही वाचते, आणि तिथे असतो तो नुसता कचरा. हा कचरा दोन चॅनेलमध्ये एकमेकांच्या उलट येतो, म्हणून दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो केले, की तो आपसात रद्द होतो. निम्म्याहून जास्त खरखर गेली. मग 24 बिट फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न गमावणाऱ्या ध्वनिफाइलमध्ये, सेव्ह केली.

चौथ्या गाण्यात एक टिक अजून आहे. राहू दिली.