पार्क काउंटीचे छपराचे पूल: निघण्यापूर्वी

आई-बाबा भारतातून आले की आपण त्यांना नायगारा दाखवून मोकळे होतो. त्यांना एक दिवस पश्चिम इंडियानातल्या पार्क काउंटीत न्यायचं असेल, तर ही तयारी. (यातलं पार्क म्हणजे बाग नव्हे, बेंजामिन पार्क या गृहस्थाचं आडनाव.) एवढ्याशा शेतकी काउंटीत लाकडी, छपराचे 31 पूल राखलेले आहेत, बहुतेक एकोणिसाव्या-विसाव्या शतकातले.

आधी तारीख ठरवा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून दहा दिवस तिथे पुलांची जत्रा भरते. आम्ही पहिल्यांदा जत्रेतच गेलो आणि पुलांपेक्षा पुढच्या गाडीचे लाल दिवेच जास्त बघितले. जत्रा उलगल्यावर एखादा मधला वार धरा. झाडांवर रंग तेव्हाही असतात. रविवार नको, कारण आमिश लोकांची (मोटारी न वापरता जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) दुकानं बंद असतात. शिकागोहून निघणाऱ्यांनी घड्याळ एक तास पुढे धरावं. सातला निघालात तर पोचेपर्यंत तिथे अकरा वाजून गेलेले असतील. इंडियानापोलिसहून हायवे 36 ने सव्वा तासात रॉकव्हिल हे काउंटीचं मुख्य गाव येतं.

रॉकव्हिलमध्ये तीन कामं उरकून घ्या: पेट्रोल, बाथरूम आणि कागदी नकाशा. पुलांपाशी यातलं काहीच मिळत नाही, आणि फोनची रेंज नेमकी चुकीच्या वळणावर जाते. जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीतच आता पर्यटन केंद्र आहे, तिथे नकाशा मिळतो. त्यावर रंगांनी दाखवलेल्या पाच वाटा आहेत. एकतीसच्या एकतीस बघायचा हट्ट सोडा, दहाव्या पुलाला बाबा गाडीतून उतरत नाहीत. उत्तरेला नॅरोज, कॉक्स फोर्ड आणि जॅक्सन, दक्षिणेला मॅन्सफील्ड आणि ब्रिजटन, एवढे पाच पुष्कळ झाले.

गाडीवर टपाचं कॅरिअर असेल तर काढून ठेवा. ज्या पुलांवरून अजून गाड्या जातात तिथे उंचीची आणि वजनाची पाटी असते, ती वाचूनच आत शिरा. रस्त्यात आमिश घोडागाडी पुढे असेल तर हॉर्न नको. त्या माणसांचे फोटोही काढू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची वस्तू: चांगली बॅटरी. फोनचा उजेड पुरत नाही. पूल बाहेरून गोठ्यासारखा दिसतो, खरी गंमत आत आहे. दोन्ही अंगांना लाकडाची कैची, म्हणजे उभ्या-तिरक्या तुळयांचा सांगाडा, आणि तिला कवेत घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली लाकडी कमान. थिओडोर बर यांनी 1817 मध्ये पेटंट घेतलेली ही रचना. जॅक्सन पूल 1861 चा, यादवी युद्ध सुरू झालं त्या वर्षीचा. मधे एकही खांब न घेता दोनशे फुटांहून जास्त अंतर पार करतो. बाबा तिथे बॅटरी घेऊन अर्धा तास सांधे तपासत होते. मग म्हणाले, "छप्पर माणसांसाठी नाही रे, कैचीसाठी आहे." खरंच आहे ते. उघड्यावर हे लाकूड दहा-पंधरा वर्षांत कुजलं असतं.

पुलाच्या तोंडावर बांधणाऱ्याचं नाव आणि साल रंगवलेलं असतं, ते मुलांना शोधायला लावा. जे. जे. डॅनियल्स आणि जे. ए. ब्रिटन ही नावं पुन्हा पुन्हा भेटतील. डॅनियल्सचं तोंड गोल कमानीचं, ब्रिटनचं कोपरे तिरके कापलेलं. दोन पूल झाले की मुलं पाटी न वाचताच ओळखतात. वर लिहिलेलं असतं, 'पूल चालत ओलांडा'. ही ताकीद घोड्यांना. दुडक्या चालीच्या ठेक्याने पूल हादरायचा.

नॅरोज पूल टर्की रन स्टेट पार्कात आहे. गेटावर पैसे पडतात, आणि बाहेरच्या राज्याच्या नंबरप्लेटला जास्त. 1841 चं लस्क कुटुंबाचं घर तिथेच. तिथल्या पायवाटांसाठी बूट घसरणारे नकोत.

ब्रिजटन शेवटी ठेवा. तिथला 1868 चा पूल 2005 मध्ये कुणीतरी जाळला आणि गावाने पुढच्याच वर्षी तशाच घडणीचा नवा उभा केला. तो जुना मानायचा का, यावर परतीच्या वाटेवर घरात वाद होतोच. मला तो मोजायला आवडतो. शेजारच्या गिरणीत अजून दगडांवर दळतात. आईने खाचा पाडलेला दगड बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "हे टाकवून कोण देतं?"

जेवण घरचं न्या, शाकाहारींचे हाल होतात. दशम्या आणि लसणाची चटणी दिवसभर टिकते. स्वेटर गाडीत असू द्या. आणि गिरणीतून मक्याचं पीठ आणायला एक रिकामी पिशवी. ते जरा भरड असतं, भाकरीला कडकडीत पाण्यात उकड काढून घ्यावी लागते. घरी आल्यावर पीठ फ्रीझरमध्ये टाका, बाहेर राहिलं तर खवट होतं.