सुपरहिरोंचा बदलता इतिहास वाचताना या चुका टाळा

कॉमिक्सचे जुने अंक जमवून वाचणाऱ्याला हा अनुभव हमखास येतो. १९८३च्या 'बॅटमॅन'मध्ये जेसन टॉड, म्हणजे बॅटमॅनचा साथीदार दुसरा रॉबिन, सर्कशीतल्या कसरतपटूंचा मुलगा असतो, तर १९८७च्या अंकात तोच जेसन बॅटमोबिलची, म्हणजे बॅटमॅनच्या गाडीची, चाकं चोरताना सापडतो. लेखक विसरला, असं म्हणून आपण पुढे जातो. पहिली चूक इथेच होते. मधल्या काळात, १९८५-८६ साली, 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही बारा अंकांची मालिका येऊन गेली होती. बॅटमॅनचे प्रकाशक डीसी यांनी तिच्यात आपल्या कथांमधल्या अनेक समांतर पृथ्व्या मिळून एकच पृथ्वी केली आणि त्यानंतर कित्येक पात्रांची पूर्वकथा नव्याने लिहिली. म्हणून दोन अंक जुळेनात, तर आधी प्रकाशनाचं साल बघा. संग्रहाच्या मुखपृष्ठामागे छापलेलं साल पुनर्मुद्रणाचं असू शकतं. आपल्याला हवं ते मूळ अंकाचं.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक बदलाला रीबूट म्हणणं. रीबूटमध्ये जुनी कथा बाद होते. रेटकॉनमध्ये ती जागेवर राहते, फक्त तिचा अर्थ बदलतो. डीसीचे प्रतिस्पर्धी प्रकाशक मार्व्हल यांनी १९६४ साली सांगितलं की कॅप्टन अमेरिका महायुद्धाच्या अखेरीपासून बर्फात गोठून होता. मग १९५३-५४च्या अंकांत कम्युनिस्टांशी लढणारा कॅप्टन कोण? १९७२मध्ये लेखक स्टीव्ह एंगलहार्ट यांनी उत्तर दिलं: तो खऱ्या कॅप्टनचं, म्हणजे स्टीव्ह रॉजर्सचं, नाव आणि चेहरा घेतलेला दुसराच माणूस होता, आणि ताकद वाढवणाऱ्या सदोष सीरममुळे त्याचं डोकं फिरलं होतं. एकही जुना अंक खोटा ठरला नाही. उलट खऱ्या कॅप्टनसमोर त्याचीच द्वेषाने भरलेली प्रतिमा उभी राहिली. रेटकॉन असावा तर असा, असं मला मनापासून वाटतं.

वयाचा हिशेब मांडत बसू नका. मार्व्हलमध्ये काळ सरकता आहे, म्हणजे जुन्या घटना नेहमी काही वर्षांपूर्वीच घडल्या असं धरलं जातं. आयर्न मॅन १९६३मध्ये व्हिएतनाममध्ये जखमी झाला होता, पुढे ती जागा अफगाणिस्तानने घेतली आणि २०१९मध्ये सियानकाँग नावाच्या काल्पनिक देशातल्या युद्धाने. एक्स-मेनचा शत्रू मॅग्नेटो लहानपणी ऑश्विट्झच्या नाझी छळछावणीत होता; ते ऑश्विट्झ मात्र कुणी सरकवत नाही, आणि सरकवूही नये. ते काढलं तर त्याचा राग पोकळ होईल.

'एल्सवर्ल्ड्स' असं छापलेली डीसीची कथा वेगळ्याच कल्पित विश्वात घडते, ती मुख्य इतिहासात धरू नका. एवढं पाहिलं तरी बरेच घोळ मिटतात.

सगळ्यात जास्त डोकेदुखी डीसीच्या पंखधारी हॉकमनची. १९८९ची 'हॉकवर्ल्ड' ही त्याच्या थानागार ग्रहावरच्या दिवसांची कथा. पण १९९०मध्ये त्याच नावाची नियमित मालिका निघाली, आणि तिने काटार होलचं, म्हणजे थानागारच्या या हॉकमनचं, पृथ्वीवर येणं थेट वर्तमानात आणलं. मग इतकी वर्षं जस्टिस लीग या डीसीच्या सुपरहिरोंच्या गटात हॉकमन म्हणून कोण होतं? ठिगळं लावावी लागली: सुरुवातीला १९४०च्या दशकातला जुना हॉकमन कार्टर हॉल, नंतर थानागारचा हेर फेल अँडर. १९९४च्या 'झीरो अवर' या डीसीच्या मालिकेत तर वेगवेगळे हॉकमन एकातच मिसळले. इथे सलग चरित्र जुळवण्याच्या नादाला लागू नका. एक मालिका घ्या, ती संपेपर्यंत तिचाच इतिहास खरा धरा, आणि मगच दुसरी उघडा.