जुना मल्टिमोड कंट्रोलर घरी आणलाय? आधी त्याला ऐकू द्या, पाठवायचं नंतर बघू

परवा आमच्या इंदूरच्या रामबागेतला एक मुलगा आला, नुकतंच हॅम रेडिओचं लायसन्स हातात पडलंय, म्हणाला काका आता लॅपटॉपवर सगळं फुकटात होतं, साउंड कार्ड लावलं की आरटीटीवाय (रेडिओवरचा टेलिप्रिंटर), पीएसके असे रेडिओवर अक्षरं पाठवायचे सगळे प्रकार डिकोड होतात, मग हा मल्टिमोड कंट्रोलरचा लोखंडी डबा टेबलावर कशाला ठेवलाय. प्रश्न बरोबर आहे, आणि एफटी८ हा कॉम्प्युटरवरचा नवा प्रकार खेळायचा असेल तर हा डबा घेऊच नका, ते त्याच्यात होत नाही. पण मी गेली कितीतरी वर्षं पीके-२३२ नावाचा असा डबा वापरतोय आणि इंदूरमध्ये अजून कुणाला जुना कंट्रोलर स्वस्तात मिळाला तर तो धूळ खात पडू नये असं मनापासून वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

मल्टिमोड कंट्रोलर म्हणजे एका डब्यात मोडेम आणि छोटा कॉम्प्युटर. एका बाजूला रेडिओ, दुसऱ्या बाजूला सिरियल केबल, आणि मधे मोर्स, आरटीटीवाय, ॲमटोर (चुका सावरणारा टेलिप्रिंटर), पॅकेट (मजकूर गठ्ठ्यांनी पाठवणं) वगैरे सगळं तो स्वतःच करतो. ऐंशीच्या दशकात एईए कंपनीचा पीके-२३२ आला, कॅन्ट्रॉनिक्सचा कॅम आला, एमएफजेचा १२७८ आला, नंतर जर्मनीच्या एससीएसचे पॅक्टर या आणखी एका प्रकाराचे डबे आले. कॉम्प्युटरला फक्त अक्षरं पाठवायची आणि अक्षरं वाचायची, एवढंच काम उरतं, म्हणून अडगळीतला कुठलाही जुना लॅपटॉप चालतो.

आणि एक काम असं आहे जिथे डबा साउंड कार्डपेक्षा खरंच सरस ठरतो. ॲमटोरचा एआरक्यू मोड बघा, म्हणजे समोरच्याने पोचल्याचं सांगितलं तरच पुढे जायचं, १०० बॉडवर (सेकंदाला १०० बिट) तीन अक्षरं म्हणजे २१ बिट, २१० मिलिसेकंद लागतात, मग २४० मिलिसेकंद गप्प राहायचं आणि तेवढ्यात समोरच्याचं उत्तर यायला पाहिजे, असं ४५० मिलिसेकंदांचं चक्र सारखं चालू. विंडोजला मधेच काहीतरी अपडेट आठवलं की हा ताल तुटतो. डब्याच्या प्रोसेसरला दुसरं कामच नाही, त्यामुळे तो चुकत नाही.

आता विकत घेताना. बहुतेक डबे अमेरिकेतून फिरत फिरत आलेले असतात आणि सोबतचा ॲडॅप्टर १२० व्होल्टचा असतो, तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातला की धूर निघणारच, तेव्हा तो ॲडॅप्टर आधी पिशवीतून काढून बाजूला टाका. डब्याला १३ व्होल्टच्या आसपास डीसी लागतं, करंट एक अँपियरच्या आत, म्हणजे रेडिओच्या सप्लायमधूनच वायर काढता येते, मधे एक अँपियरचा फ्यूज घाला. पिनचा मधला भाग प्लस का मायनस हे मॅन्युअलमध्ये बघा आणि नंतर मीटर लावून परत बघा, नुसत्या वायरच्या रंगावर भरवसा ठेवू नका. मी एकदा ठेवला होता, पिन उलटी जोडलेली निघाली आणि आतला रेग्युलेटर बदलावा लागला. झाकण उघडलंच तर मेमरी टिकवणारा सेल पण बघून घ्या, जुना सेल गळून बोर्डावर हिरवा थर धरतो, तो वेळेत काढला नाही तर ट्रॅक खातो. सेल उतरला असेल तर डबा बंद केला की तुमचा कॉलसाइन (लायसन्सवरचं रेडिओ-नाव) सुद्धा विसरतो, आणि मग लोकांना वाटतं डबाच खराब आहे.

सिरियल केबल. इथेच निम्मे लोक हरतात, म्हणून जरा थांबून सांगतो. डब्यामागे २५ पिनचा कनेक्टर असतो, लॅपटॉपला यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लागतो ज्याचं तोंड ९ पिनचं. फक्त तीन वायरी पुरतात, ९ पिनवाल्याची ३ नंबर इकडच्या म्हणजे डब्याच्या २ ला, तिकडची २ इकडच्या ३ ला, आणि ग्राउंड म्हणजे तिकडची ५ इकडच्या ७ ला. हे वाचून वाटतं की आपण केबल उलटी करतोय, पण नाही, दोन कनेक्टरांवर नंबरच वेगळे आहेत, हीच सरळ केबल आहे. दुकानात नल मोडेम केबल (आत वायरी उलटवलेली) देतील, ती घेऊ नका. मी जेल रोडवरून कन्व्हर्टर आणला तेव्हा दुकानदार म्हणाला भिया सब एक जैसे हैं, तसं अजिबात नाही, नकली चिपवाला कन्व्हर्टर दहा मिनिटं चालून गप्प होतो आणि आपण उगाच डब्यावर संशय घेत बसतो.

टर्मिनल प्रोग्राम, म्हणजे सिरियलवर अक्षरं पाठवणारा आणि वाचणारा, उघडा, कुठलाही साधा चालेल, आणि डबा ऑन करा. पीके-२३२ असेल तर तो स्टार (*) टाइप करायला सांगतो, तुमचा वेग ओळखण्यासाठी. सुरुवातीला स्क्रीनवर नुसता कचरा दिसला तर घाबरू नका, स्टारची की दाबत राहा, वेग जुळला की स्वच्छ अक्षरात नाव आणि व्हर्जन येतं. ते आलं की समजा केबल, पोर्ट, सप्लाय तिन्ही ठीक. मग मायकॉल कमांडने आपला कॉलसाइन भरा. (कमांडची नावं कंपनीगणिक थोडी वेगळी असतात, मी माझ्या डब्याची सांगतोय.)

यापुढे माझा एकच हट्ट आहे आणि तो मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो. निदान तीन-चार आठवडे पीटीटीची, म्हणजे रेडिओला पाठवायला लावणारी, वायर जोडूच नका. रेडिओचा स्पीकर किंवा डेटा आउट डब्याला द्या आणि फक्त वाचा. कारण वाचता वाचता जे कळतं ते पाठवायच्या घाईत कधीच कळत नाही.

आरटीटीवायपासून सुरू करा. २० मीटर बँडवर १४.०८० ते १४.१०० मेगाहर्ट्झच्या मधे फिरा, रेडिओ एलएसबीवर (लोअर साइडबँड). ४५.४५ बॉड, दोन सुरांमधलं अंतर म्हणजे शिफ्ट १७० हर्ट्झ, एक सूर मार्क २१२५ आणि दुसरा स्पेस २२९५ हर्ट्झ. आवाज ओळखता आला पाहिजे, दोन सुरांमधे भराभर हिंदकळणारा टुलुटुलु आवाज. डब्याच्या पुढच्या बाजूला दिव्यांची रांग आहे तिच्याकडे बघत डायल अगदी हळू फिरवा, एका टोकाला मार्क, दुसऱ्या टोकाला स्पेस, दोन्ही टोकं सारखी पेटली आणि मधलं शांत राहिलं की ट्यूनिंग जमलं. पाच-दहा हर्ट्झने चुकलात तरी चालून जातं, पन्नासने चुकलात की अक्षरं फुटतात. आवाज स्वच्छ, दिवे बरोबर आणि तरी सगळी अक्षरं निरर्थक येतायत, तर मार्क-स्पेस उलटे झालेत, रेडिओ यूएसबीवर म्हणजे अप्पर साइडबँडवर राहिलाय का बघा, नाहीतर सूर उलटवणारी आरएक्सरेव्ह कमांड द्या.

अजून एक गंमत, स्क्रीनवर मधेच टीओओ असं येतं. नवा माणूस गोंधळतो. ते ५९९ आहे, म्हणजे सिग्नल उत्तम असा रिपोर्ट. आरटीटीवायच्या बॉडो कोडमध्ये पाच बिटांत अक्षरं आणि आकडे दोन्ही बसवलेत, कुठला गठ्ठा चालू आहे हे सांगणारं एक वेगळं कॅरेक्टर असतं, ते एखाद्या खरखरीत हरवलं की ५ चा टी होतो आणि ९ चा ओ. हे एकदा कळलं की अर्धा मोडलेला मजकूरही डोक्यात आपोआप दुरुस्त व्हायला लागतो. सप्टेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी मोठी आरटीटीवाय कॉन्टेस्ट असते, तेव्हा बँड गच्च भरलेला असतो, त्या दोन दिवसांत हात जितका बसतो तितका एरवी दोन महिन्यांत बसत नाही.

दुसरा अभ्यास माझ्या फार आवडीचा, नॅव्हटेक्स. जहाजांना हवामान आणि धोक्याच्या सूचना ५१८ किलोहर्ट्झवर जातात, आपल्या किनाऱ्यावर त्याची स्टेशनं आहेत, आणि पद्धत म्हणजे ॲमटोरच्या एफईसीसारखीच (उत्तराची वाट न बघता प्रत्येक अक्षर दोनदा पाठवायचं), त्यामुळे जुना डबा हे सहज वाचतो. रेडिओ एलएसबीवर ठेवून डायल ५२०.२ किलोहर्ट्झच्या आसपास, कारण डब्याच्या सुरांचा मध्य २२१० हर्ट्झ आहे. इंदूर समुद्रापासून इतकं आत, दिवसा काही मिळत नाही, पण रात्री अकरानंतर घरातले एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर बंद करून बसलो की झेडसीझेडसी अशी सुरुवात होते आणि एकेक अक्षर उमटायला लागतं, शेवटी एनएनएनएन. प्रत्येक स्टेशनला दर चार तासांनी दहा मिनिटांचीच पाळी असते, तेव्हा धीर पाहिजे. पहिल्यांदा अरबी समुद्रातला वाऱ्याचा इशारा रामबागेतल्या माझ्या टेबलावर छापून आला तेव्हा मी बायकोला झोपेतून उठवून दाखवला होता.

मग पॅकेट. २ मीटरवर एफएम, १२०० बॉड. आपल्याकडे पॅकेटची गर्दी नाही, म्हणून मी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ऐकायला सांगतो, १४५.८२५ मेगाहर्ट्झवर त्याचा डिजिपीटर, म्हणजे आलेली पॅकेटं परत पाठवणारा सेट, असतो, मधे मधे बंदही असतो. एचबॉड १२००, व्हीएचएफ ऑन या कमांड द्या, साधा उभा अँटेना गच्चीवर, रेडिओचा स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) उघडा. यात थ्रेशोल्डचं बटण नीट लावणं फार महत्त्वाचं आहे, नुसत्या खरखरीवर डीसीडीचा (सिग्नल आल्याचं सांगणारा) दिवा विझलेला राहिला पाहिजे आणि पॅकेट आलं की पेटला पाहिजे. दिवा सतत पेटलेलाच असेल तर डबा समजतो चॅनेल बिझी आहे आणि तुम्ही कितीही काही टाइप करा, तो पाठवणारच नाही. अनेकांनी एवढ्याच कारणासाठी डबा बिघडलाय म्हणून परत विकलाय. एचएफवर (२० मीटरसारख्या बँडवर) पॅकेट करायचं तर ३०० बॉड आणि व्हीएचएफ ऑफ, पण फेडिंगमध्ये, सिग्नल कमीजास्त झाला की, ते फार अडखळतं, मी त्याच्या नादी लागत नाही.

एवढं झालं की पीटीटी जोडा. लायसन्सच्या तक्त्यात तुमच्या ग्रेडला कुठल्या बँडवर कुठलं एमिशन (पाठवायचा प्रकार) चालतं ते स्वतः वाचा, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. २ मीटर म्हणजे आपल्याकडे १४४ ते १४६. कॉलसाइन सुरुवातीला आणि शेवटी, मजकूर उघड्या भाषेत.

पाठवताना सगळ्यात मोठी चूक लेव्हलची, आणि ती नेहमी जास्तीकडेच होते. अँटेनाच्या जागी डमी लोड लावा, पॉवर त्यातच जिरते. स्पीच प्रोसेसर बंद. डब्याची ऑडिओ लेव्हल शून्यापासून हळूहळू वाढवा, पॉवर दिसायला लागेल, रेडिओवरचा एएलसीचा (लेव्हल जास्त झाल्याचं सांगणारा) काटा हलायला लागला की थांबा आणि थोडं मागे या. लेव्हल जास्त झाली की तुमच्या सिग्नलच्या दोन्ही बाजूंना खोटे सिग्नल उगवतात आणि बँडवरची माणसं चिडतात, त्यांचं चिडणं रास्त आहे. आरटीटीवायमध्ये कॅरियर अखंड चालू असतो, बोलण्यासारखी मधे उसंत नाही, म्हणून १०० वॉटचा सेट असेल तर ४० ते ५० वॉटच ठेवा, आणि दोन मिनिटांनी सेटच्या पाठीवर हात ठेवून बघा. एफएम पॅकेटला डेव्हिएशन (ऑडिओमुळे फ्रिक्वेन्सी किती हलते ते) ३ किलोहर्ट्झच्या आसपास हवं, मीटर नसेल तर दुसऱ्या सेटवर ऐका, लेव्हल वाढवत न्या, आवाज मोठा व्हायचा थांबला की तिथून चांगलं मागे या. टीएक्सडिले, म्हणजे पीटीटी दाबल्यावर डेटा सुरू होईपर्यंतची वाट, ३० म्हणजे ३०० मिलिसेकंद, तिथून सुरू करा, जुने सेट सावकाश उठतात, समोरच्याला पहिलं पॅकेट मिळत नसेल तर वाढवा.

पाठवायला लागलं की डबा अडकतो, स्क्रीनवर कचरा येतो किंवा पीटीटी सुटतच नाही, असं झालं तर आरएफ (तुमचीच रेडिओ ऊर्जा) आत शिरतंय. सिरियल आणि ऑडिओ दोन्ही केबलना फेराइटच्या रिंगवर सात-आठ वेढे द्या, केबल आखूड करा. ऑडिओत घुं घुं आवाज असेल तर मधे १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला, जुन्या फोन मोडेमच्या बोर्डावर असतो तोच काढा, भंगारवाल्याकडे स्वस्तात बोर्ड मिळतो.

आणि जूनमध्ये माळव्यात ढग गडगडायला लागले की अँटेना काढतातच सगळे, पण सिरियल केबलही काढा आणि लॅपटॉपचा चार्जरही. माझ्या एका मित्राचा डबा अँटेनातून गेलाच नाही, लाइटच्या लाइनीतून झटका चार्जरमध्ये आला, तिथून लॅपटॉप, तिथून सिरियल, आणि डब्यातली सिरियलची चिप काळी पडली. चिप सॉकेटवर होती म्हणून बदलून डबा परत उभा राहिला, पण त्याचा तो अख्खा पावसाळा गेला.